झाड तोडायची परवानगी : महापालिकेच्या उद्यान विभागाची सेवा कितपत कामाची?

कंपाउंडच्या भिंतीला तडा गेला, गॅलरीत फांदी शिरली किंवा पुनर्विकासाचं ठरलं की झाडाचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हे झाड संरक्षित आहे का हो?’ महाराष्ट्रातल्या शहरांपुरतं उत्तर सोपं आहे. संरक्षित आहे. गुलमोहर असो, सुबाभूळ असो, नाहीतर गटाराच्या कडेला कुणी न लावता उगवलेला उंबर असो. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा कायदा झाडाची जात विचारत नाही. जमीन कुणाची, झाड कुणी लावलं, यानेही फरक पडत नाही. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या स्थानिक मंडळाची, आगाऊ परवानगी लागते. त्यामुळे उद्यान विभागाच्या खिडकीवर जाऊन ‘संरक्षित आहे का’ असं विचारणाऱ्याला तिथला कर्मचारी अर्जाचा नमुना पुढे करतो आणि तो बरोबरच करतो.

विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. झाड कुणाच्या हद्दीत, वय किती, त्यावर आणखी एखाद्या कायद्याचा किंवा न्यायालयाच्या आदेशाचा बोजा आहे का, आणि तोडण्याचं कारण पाहणीत टिकेल का? या चार प्रश्नांना ही सेवा कशी उत्तरं देते, ते इथे तपासलं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो : झाडाजवळ येऊन होणारी पाहणी पाचपैकी चार गुणांची, निर्णयाची गती अडीच, आणि माहिती देण्याची पद्धत जेमतेम एक. सेवा टाळण्यासारखी नाही. टाळली तर प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो, कैदेचीही तरतूद आहे, आणि तोडणाऱ्याइतकाच तोडायला लावणाराही अडकतो. ‘कंत्राटदाराने परस्पर कापलं’ हा बचाव सोसायटीला वाचवत नाही.

आधी हद्द. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत यांच्या क्षेत्रात १९७५चा कायदा चालतो. मुंबईत प्रत्येक प्रशासकीय विभागाच्या कार्यालयात उद्यान खात्याचा सहायक उद्यान अधीक्षक बसतो, त्याच्या हाताखाली कनिष्ठ वृक्ष अधिकारी असतात. अर्ज तिथेच द्यायचा, भायखळ्याच्या मुख्यालयात हेलपाटा घालायची गरज नाही. इतर शहरांत क्षेत्रीय कार्यालय किंवा प्रभाग कार्यालयातून काम चालतं. छोट्या नगरपरिषदांत वेगळा उद्यान विभाग नसतो. आरोग्य किंवा बांधकाम विभागातल्या एखाद्या अभियंत्याकडे ‘वृक्ष अधिकारी’ ही जादा जबाबदारी असते आणि तो कोण हे आवक-जावक बारनिशीवाल्यालाच ठाऊक असतं. गाव नुकतंच महापालिकेत आलं असेल तर तलाठ्याकडे किंवा वनखात्याकडे दिलेला जुना अर्ज उपयोगाचा नाही, हे तिथे कुणी आपणहून सांगत नाही.

मग वय. २०२१च्या दुरुस्तीने या कायद्याचा नूर बदलला. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं, बोलीभाषेत हेरिटेज ट्री. शिवाय तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची २०० किंवा जास्त झाडं तोडायची असतील तर प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे न्यायची तरतूदही त्या दुरुस्तीत होती. म्हणजे आधी ज्या रकान्यात लोक ‘अंदाजे २० वर्षं’ असं डोळे मिटून लिहायचे, तोच आता सगळ्यात महाग रकाना झाला आहे.

वय ठरतं प्रामुख्याने घेरावरून, आणि इथेच अर्ज सगळ्यात जास्त घसरतात. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. शिंप्याची टेप चालते. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरायची. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजायची आणि अर्जात तसं लिहायचं. काटेसावरीसारख्या झाडाला बुंध्याशी फाकलेल्या भिंतीसारखी मुळं असतात. तिथे टेप त्या फाकलेल्या भागाच्या वर, जिथून खोड गोल होतं तिथे लावायची. वडाच्या जमिनीत उतरलेल्या पारंब्यांचा घेर मूळ खोडात मिसळायचा नाही. लोक बुंध्याशी, मुळांच्या फुगवट्यावर टेप लावतात, घेर दीडपट येतो, त्या घेरावरून वय वाढतं आणि पंधरा झाडं लावून सुटणारा माणूस पंचवीस झाडांच्या हिशेबात सापडतो.

घेरावरून वय काढण्यात मुळातही एक गोची आहे. रेन ट्री, पिंपळ, नीलगिरी ही भराभर जाड होणारी झाडं. चिंच, बकुळ, आंबा सावकाश वाढतात. एकाच घेराचा रेन ट्री आणि चिंच यांच्या वयात कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. पाहणीला येणारा अधिकारी जाणता असेल तर हे धरून चालतो. नसेल तर तुमच्याकडे पुरावा हवा : इमारतीचा भोगवटा दाखला, जुना मंजूर नकाशा, आवार नव्याने भरून घेतल्याची नोंद, मागच्या वृक्षगणनेतली नोंद. इमारत १९९८ची आहे आणि झाड पायाच्या भरावावर उभं आहे, तर ते १९९८च्या आधीचं असू शकत नाही. एवढी साधी गोष्ट अर्जासोबत जोडली तर वयाचा वाद संपतो. नारळ, ताड, सुपारी यांना घेरावरून वय लावण्यात काहीच अर्थ नाही. त्यांचं खोड वयाबरोबर जाड होत जात नाही.

वृक्षगणना हा या सेवेचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात वाया गेलेला भाग. दर पाच वर्षांनी झाडं मोजणं हे प्राधिकरणाचं कायदेशीर कर्तव्य आहे. मुंबईच्या २०१८च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं नोंदली गेली. गणनेत जात, घेर, उंची, प्रकृती अशी माहिती घेतली जाते. ही यादी नागरिकाला नकाशावर, झाडागणिक, सहज उघडून पाहता आली तर निम्मे हेलपाटे वाचतील. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती विभागाच्या संगणकात असते आणि तुमच्या प्लॉटचा उतारा मागावा लागतो. मागावाच. लेखी अर्ज द्या, उतारा नाही मिळाला तर माहिती अधिकारात मागा. माहिती देण्याच्या पद्धतीला एक गुण दिला तो यामुळेच.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हा सगळा प्रकार उलटा वाटेल. तिथे झाड मुळात मोकळं असतं. कौन्सिलने त्यावर संरक्षण आदेश काढला असेल किंवा ते संवर्धन क्षेत्रात असेल तरच हात बांधले जातात. संवर्धन क्षेत्रातल्या झाडाला जमिनीपासून दीड मीटरवर ७५ मिलिमीटरहून जास्त व्यास असेल तर कामाआधी सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. ‘संरक्षित आहे का’ हा प्रश्न तिथे खरा आहे, आणि अनेक कौन्सिलांच्या नकाशावर तो घरबसल्या सुटतोही. आपल्याकडे सगळीच झाडं संरक्षित, पण नकाशा नाही.

आता अर्ज. कायद्याला तीन गोष्टी हव्यात : झाडाचं वर्णन, जागेचा नकाशा आणि कारण. नकाशा म्हणजे आर्किटेक्टचीच शीट हवी असं नाही. एका-दोन झाडांसाठी हाताने काढलेला आराखडा चालतो, पण त्यावर उत्तर दिशा, इमारत, कंपाउंड, रस्ता, आणि झाडापासून दोन पक्क्या बिंदूंपर्यंतची अंतरं हवीत. ‘पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यापासून ४.२ मीटर, गेटच्या खांबापासून ७.५ मीटर’ असं लिहिलं की कुठलं झाड याबद्दल शंका उरत नाही. आवारात एकाच जातीची पाच झाडं असतील तर प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक फोटोतही दिसू द्या. फोटो चार : पूर्ण झाड, बुंधा आणि भोवतालची जमीन, ज्याबद्दल तक्रार आहे तो भाग, आणि टेप लावलेलं खोड. मोबाइलवर वेळ आणि ठिकाण छापणारा कॅमेरा वापरला तर उत्तम.

सोबत जमिनीच्या मालकीचा कागद (मालमत्ता पत्रक किंवा सातबारा), चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती, आणि सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा किंवा व्यवस्थापक समितीचा ठराव. ठरावात झाडांची संख्या आणि जात लिहिलेली असावी. ‘आवारातील धोकादायक झाडे काढण्याबाबत’ असा मोघम ठराव परत येतो. भाडेकरूच्या सहीने अर्ज चालत नाही. खोड दोन प्लॉटच्या हद्दीवर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आधीच घ्या. पाहणीच्या दिवशी शेजारी भिंतीपलीकडून हरकत घेतो आणि फाइल तिथेच बसते.

झाडाचं नाव चुकू देऊ नका. पिवळ्या फुलांच्या पेल्टोफोरमला गुलमोहर लिहिणं, रेन ट्रीला शिरीष म्हणणं हे रोजचं. नाव चुकलं की परवानगीच्या पत्रातही चुकतं, आणि पुढे कुणी तक्रार केली तर पोलिसांपुढे ‘परवानगी गुलमोहराची होती, तोडलं दुसरंच’ असा प्रश्न उभा राहतो.

कारण लिहिताना बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. पानगळीचा कचरा, पाखरांची घाण, गाडीवर पडणारा चीक, दुकानाची पाटी झाकली जाणं यांपैकी कशालाही कुणी दाद देत नाही आणि देऊ नये. टिकणारी कारणं ठरलेली आहेत : झाड वठलंय, रोगट आहे, वाऱ्याने उन्मळलंय, जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, रहदारीला अडथळा आहे. प्राधिकरणाच्या मते यातलं कारण खरं असेल तर परवानगी नाकारायची नाही, असं कायदाच म्हणतो. पण वठलेल्या झाडालाही अर्ज लागतो. मुंबईत पिठ्या ढेकणाने रेन ट्री मोठ्या संख्येने वठले, तेव्हा ‘मेलेल्या झाडाला कसली परवानगी’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पानगळीच्या दिवसांत निष्पर्ण दिसणारी काटेसावर किंवा पांगारा मेलेला नसतो. सालीला नखाने ओरखडा काढा. खाली हिरवं ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे.

‘धोकादायक’ हा शब्द लिहायचा तर लक्षणं लिहा. झाड कलतंय म्हणजे धोका असं नाही. वर्षानुवर्षं कललेली झाडं घट्ट उभी असतात. कलल्याच्या उलट बाजूला जमीन फुगली आहे का, भेग पडली आहे का, कल नवा आहे का, ते बघा. बुंध्यावर अळंबी उगवली असेल तर आत कूज आहे. लाकडी हातोडीने खोडावर ठोकलं की पोकळ जागी आवाज बदलतो. दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात साल आत दाबली गेली असेल तर ती बेचकी पावसात फाटते. मुळांनी भिंत फोडली असं लिहायचं तर भिंतीजवळ एक-दीड फूट खणून मूळ दाखवा. पुष्कळदा तडा पायाच्या खचण्याचा निघतो आणि झाड उगाच बदनाम होतं. गळका नळही तपासा. मुळं ओलीच्या मागे येतात.

पाहणीला या सेवेत चार गुण दिलेत, त्याचं कारण हेच. स्थळपाहणीला येणारे कनिष्ठ वृक्ष अधिकारी किंवा उद्यानविद्या सहायक रोज झाडं बघणारे असतात. ते बऱ्याचदा अर्जदाराला तोडण्यावरून छाटणीवर आणतात आणि तो सल्ला सहसा योग्य असतो. त्यांच्यासमोर वाद घालण्यापेक्षा झाडाभोवतीचे पेव्हर ब्लॉक आणि साठवलेलं भंगार हलवून बुंधा मोकळा ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात खोडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायचा आदेश दिला होता. तेवढं केलं तर निम्मी ‘आजारी’ झाडं सावरतात. पाहणीचा अहवाल कार्यालयातून मागून घ्या. त्यातल्या घेराचा आणि वयाचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळत नसेल तर हरकत तेव्हाच, लेखी द्यायची. परवानगी निघाल्यावर वयावर भांडणं अवघड जातं.

यानंतर फाइल संथ होते. कायद्यानुसार अर्ज आल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हावा. मधल्या काळात स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि झाडावर ठळक जागी नोटीस. ही नोटीस साधा ए-फोर कागद असते, सुतळीने किंवा चिकटपट्टीने लावलेली. पहिल्या पावसात ती पुसते किंवा कुणीतरी फाडतं. लावल्याच्या दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवा, दर दोन दिवसांनी बघा, गेली असेल तर विभागाला ईमेल करून पुन्हा लावून घ्या. नोटीस नीट लागली नाही हा हरकतदाराच्या हातातला सगळ्यात सोपा मुद्दा असतो. शेजाऱ्यांसाठी उलट सल्ला : नोटिशीवर प्रस्ताव क्रमांक आणि हरकतीची मुदत असते, फोटो घेऊन मुदतीत लेखी हरकत द्या. समाजमाध्यमावरची पोस्ट म्हणजे हरकत नव्हे.

साठ दिवस उलटले आणि उत्तर नाही, म्हणून कुऱ्हाड चालवू नये. पोच आणि स्मरणपत्र घेऊन उद्यान अधीक्षकांना भेटा, लेखी आदेश हातात पडू द्या. आणि आदेश पडला तरी थांबायचंय : परवानगी दिल्यापासून १५ दिवस झाड तोडता येत नाही. हा काळ हरकत किंवा न्यायालयात जाण्यासाठी ठेवलेला आहे. मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती; ऑक्टोबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रात्रीतून तोड सुरू झाली आणि दोन हजारांहून जास्त झाडं गेली, तेव्हा याच १५ दिवसांवरून मोठा वाद पेटला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. पुढे २०२३मध्ये ८४ झाडांची परवानगी असताना १७७ झाडांचा प्रस्ताव प्राधिकरणाकडे नेल्याबद्दल त्याच न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरायला लावले. संख्येचा घोळ सरकारी कंपनीलाही चुकत नाही, तिथे सोसायटीचं काय.

परवानगीचं पत्र हातात आलं की शांतपणे वाचा. त्यात ‘तोडणे’, ‘पुनर्रोपण’ आणि ‘जतन’ असे वेगळे आकडे असतात. कंत्राटदाराला एकूण आकडा सांगितला जातो आणि तो सगळीच आडवी करतो, हे बांधकामाच्या जागी नेहमी घडतं. पत्रातल्या झाड क्रमांकांप्रमाणे खोडावर रंग मारा : तोडायच्यावर लाल फुली, जतनाच्या झाडावर पांढरा पट्टा आणि भोवती पत्र्याचं कुंपण. बांधकाम परवाना किंवा प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे झाडाची परवानगी नव्हे. पत्राची मुदतही बघा. संपली असेल तर नव्याने सगळं.

भरपाईच्या लागवडीचा हिशेब आधी करा, अर्ज नंतर. समजा १५, २२ आणि ३८ वर्षांची तीन झाडं तोडायची आहेत. लावायची ७५. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत, प्रत्येकाचं जिओ-टॅगिंग करायचं आणि सात वर्षं जगवायची. तीन मीटर अंतराने लावली तरी ७५ झाडांना ६७५ चौरस मीटर, म्हणजे सव्वासात हजार चौरस फूट मोकळी जमीन लागते. बहुतेक सोसायट्यांकडे ती नसते. मग झाडाच्या मूल्यांकनाची रक्कम भरायचा मार्ग उरतो. हा हिशेब सर्वसाधारण सभेत मांडला की तीनपैकी दोन झाडं आपोआप ‘छाटणी’च्या यादीत जातात, असा अनुभव उद्यान विभागातले लोकही सांगतात.

पुनर्रोपण हा शब्द बिल्डरच्या माहितीपत्रकात छान दिसतो. प्रत्यक्षात ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला सुमारे तीन मीटर व्यासाचा आणि मीटरभर खोल मुळांचा गोळा उचलावा लागतो. वजन दहा-बारा टन. त्यासाठी काही आठवडे आधी गोळ्याभोवती चर खणून मुळं टप्प्याटप्प्याने कापायची, म्हणजे नवी बारीक मुळं फुटतात; मग गोणपाटाने बांधून क्रेनने हलवायचं, आणि नव्या जागी तेवढाच मोठा खड्डा आधीच तयार हवा. जेसीबीने उपटून, फांद्या छाटून खांबासारखं रोवलेलं झाड महिनाभर हिरवं दिसतं, कारण खोडात साठा असतो. नंतर वठतं. वड-पिंपळवर्गातली झाडं आणि गुलमोहर त्यातल्या त्यात तग धरतात. आंबा, चिंच, साग यांच्या बाबतीत आशा कमी. पत्रात पुनर्रोपण लिहून आलं असेल तर काम कोण करणार, पाणी कोण घालणार आणि मेलं तर कोण जबाबदार, हे करारात लिहा.

छाटणीची परवानगी हा याच खिडकीवरचा जास्त चांगला चालणारा माल. छाटणीलाही परवानगी लागते, कारण कायद्यात ‘तोडणे’ या शब्दात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. आकार समतोल राहील इतकंच, एका वेळी पालवीच्या पाव भागापर्यंत कापायचं. जाड फांदी आधी खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी राहिलेला खुंट खोडालगतच्या कड्याला न दुखावता. असं केलं तर साल सोलून खाली येत नाही. महापालिकेचे ठेकेदार पावसाळ्याआधी घाईत शेंडे उडवतात, त्यातून पुढच्या वर्षी झाडूसारखे कमकुवत फुटवे येतात. स्वतःच्या आवारात परवानगी घेऊन जाणत्या माणसाकडून काम करून घेणं बरं. घरटी बघा. मे-जूनमध्ये कावळे, पावसाळ्यात बगळे वसाहत करतात. केरळच्या मलप्पुरममध्ये २०२२ साली रस्त्यासाठी पाडलेल्या झाडावर पक्ष्यांची पिल्लं मेली आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. वृक्ष प्राधिकरणाचं पत्र त्या कायद्यातून सोडवत नाही.

झाड पडलं किंवा पडायला आलं असेल तर मात्र खिडकीवर जाऊ नका. मुंबईत १९१६, इतरत्र १०१. वीजतारेवर पडलं असेल तर आधी वीज कंपनी. काम होण्याआधी फोटो आणि नंतर विभागाला लेखी कळवणं, इतकं केलं की पुढचा त्रास वाचतो.

शहराच्या हद्दीबाहेर ‘संरक्षित आहे का’ हा प्रश्न पुन्हा खरा होतो. तिथे ‘महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४’ लागतो आणि त्याला अनुसूचित झाडांची यादी आहे : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ, हळदू, बीजा, ऐन आणि कांदळवन. यातलं झाड स्वतःच्या शेतात असलं तरी परवानगी हवी आणि लाकूड रस्त्यावर आणायला वनखात्याचा वाहतूक पास वेगळा. बांधावरचा रायवळ आंबा कापून टेम्पोत भरला आणि नाक्यावर पास नाही म्हणून गाडीसकट जप्त, ही कोकणातली नित्याची गोष्ट. सातबारा नीट वाचा : झाडांची नोंद आहे का, इतर हक्कांत ‘राखीव वन’ किंवा ‘खासगी वन’ असा शेरा आहे का. असेल तर मामला तिसऱ्याच कायद्यात जातो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं विकायला १९६९चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापारी परस्पर सौदा करतो तेव्हा फसतो तो शेतकरी. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ साली वृक्षतोडीवर बंदी घातलेली, आणि कांदळवनांच्या बाबतीत २००५ व २०१८चे उच्च न्यायालयाचे आदेश. तिथे महापालिकेची किंवा वनखात्याची परवानगी पुरत नाही, उच्च न्यायालयाचीच लागते. खाडीलगतच्या प्लॉटवर ‘झुडपं’ साफ करण्याआधी ती तिवर नाही ना, हे बघा. कांदळवनापासून ५० मीटरचा पट्टाही बांधकामाला बंद आहे.

गोव्यात १९८४चा कायदा. तिथे वनखात्याचा उपवनसंरक्षक हाच वृक्ष अधिकारी, आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाचं आणि मीटरभर उंचीचं खोड झालं की झाड धरलं जातं. २०१६मध्ये माडाला या व्याख्येतून वगळलं गेलं, त्यावर गदारोळ झाला आणि नंतर तो पुन्हा आत आला, वर राज्यवृक्षही झाला. २०१६ सालच्या आठवणीवर माड तोडायला निघालेले अजून भेटतात.

वेळेचं गणित शेवटी पावसाशी बांधलेलं आहे. मे महिन्यात खिडकीवर छाटणीच्या अर्जांचा ढीग असतो आणि पाहणीला माणूस मिळत नाही. अर्ज डिसेंबर-जानेवारीत टाकला तर ६० दिवस आणि वरचे १५ धरून एप्रिलपर्यंत काम उरकतं, पडलेलं लाकूड उन्हात सुकतं, आणि भरपाईची रोपं जूनच्या पहिल्या पावसात लावता येतात.